राष्ट्रपती भवन: इतिहास आणि देखभाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिल्लीला जाऊन आलेली मराठी मंडळी राष्ट्रपती भवनाविषयी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. खोल्या किती, खर्च किती आणि राष्ट्रपती एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करतात, हे तीन प्रश्न सर्वांत जास्त विचारले जातात. त्यांची उत्तरे ओघात येतीलच. मात्र त्यांच्याइतकेच रंजक असे बरेच काही या वास्तूच्या भिंतींत, छतांत आणि बागेत दडलेले आहे, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

हे भवन मुळात कोणासाठी आणि का बांधले गेले?

ब्रिटिश व्हाइसरॉयसाठी. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजे पंचम जॉर्ज यांनी भारताची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. राजधानी हलवायची म्हणजे व्हाइसरॉयचे निवासस्थान, सचिवालये, रस्ते आणि वसाहती असे सगळे शहरच नव्याने उभारणे आले. बंगालच्या फाळणीनंतर कलकत्त्यात राज्यकारभार करणे इंग्रजांना जड जाऊ लागले होते, आणि दिल्लीशी जोडलेल्या जुन्या बादशाही वैभवाचा वारसा आपल्याकडे आला आहे असे दाखवण्याचीही त्यांना हौस होती. या दोन्ही गोष्टींतून नव्या दिल्लीचा आराखडा जन्माला आला आणि त्याच्या माथ्यावर व्हाइसरॉयचे घर बसवण्याचे ठरले.

रायसीना टेकडीच का निवडली? तिथे आधी काय होते?

घोषणेनंतर तीनच दिवसांनी, १५ डिसेंबर १९११ रोजी, नव्या राजधानीच्या पायाचे दगड उत्तरेकडे, दरबाराच्या मैदानाजवळ बसवले गेले होते. पुढे नगररचना समितीने जागांची पाहणी केली, दक्षिणेकडची रायसीना टेकडी पसंत केली आणि ते दगड तिकडे हलवावे लागले. उंचावर असल्यामुळे ही जागा लांबून दिसणारी होती आणि तिच्यापासून पूर्वेला जुन्या किल्ल्याच्या दिशेने सरळ रेषेत रुंद राजमार्ग काढता येत होता.

टेकडी मोकळी मात्र नव्हती. रायसीना आणि मालचा या गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली आणि तिथल्या शेतकरी कुटुंबांना विस्थापित व्हावे लागले. ती संख्या सुमारे ३०० कुटुंबे अशी दिली जाते. भवनाचे वर्णन करताना विटा आणि दगड मोजले जातात, पण ही कुटुंबे सहसा मोजली जात नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

बांधकामाला किती वर्षे लागली आणि किती खर्च आला?

चार वर्षांत काम संपवायचे असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात १९१२ ते १९२९ अशी सतरा वर्षे लागली. मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले आणि पैसा व साहित्य दोन्ही आटले. भवन, बाग आणि नोकरवर्गाची घरे मिळून खर्च सुमारे १ कोटी ४० लाख रुपये झाला. सुमारे ७० कोटी विटा आणि ३० लाख घनफूट दगड या कामात लागला, तर पोलादाचा वापर अगदी जुजबी होता. मुख्य अभियंते ह्यू कीलिंग होते. मुख्य इमारतीचे कंत्राट हरून-अल-रशीद यांच्याकडे आणि पुढच्या प्रांगणाचे काम सुजान सिंग व त्यांचे पुत्र शोभा सिंग यांच्याकडे होते. सुमारे २३ हजार मजूर येथे राबले. त्यांत पाथरवटांचे काम सर्वांत कौशल्याचे होते, कारण ही इमारत मुळात दगड घडवणाऱ्या हातांनीच उभी केलेली आहे.

इमारतीचे वास्तुशिल्पी कोण? आणि विजय चौकातून भवन नीट दिसत का नाही?

भवनाचे वास्तुशिल्पी एडविन ल्युटेन्स. त्याच्या पुढ्यात दोन्ही बाजूंना असलेले नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक हर्बर्ट बेकर यांचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोघांच्या भांडणात आहे.

ल्युटेन्स यांच्या मनात असे होते की राजमार्गावरून चालत येणाऱ्याला भवन सतत समोर दिसत राहावे. बेकर यांना आपली सचिवालयेही टेकडीच्या माथ्यावर हवी होती. ती माथ्यावर आली, भवन मागे सरकले आणि मधल्या रस्त्याला असा चढ मिळाला की पायथ्याच्या विजय चौकाजवळ पोहोचल्यावर भवनाचा खालचा भाग चढाआड जातो आणि फक्त घुमट तेवढा तरंगताना दिसतो. आराखड्याला संमती देताना ल्युटेन्स यांच्या हे पुरते ध्यानात आले नव्हते. उशिरा लक्षात आल्यावर त्यांनी चढ कापून काढण्यासाठी जंग जंग पछाडले, पण खर्चाच्या कारणावरून त्यांचे कोणी ऐकले नाही. दोघांची जुनी मैत्री तुटली, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका मार्गाचे नाव व वॉटर्लूच्या लढाईतला नेपोलियनचा पराभव या दोहोंवर कोटी करून ल्युटेन्स या प्रसंगाला आपले ‘बेकरलू’ म्हणत राहिले. त्या चढावरून चालताना घुमट हळूहळू वर येतो आणि मग त्याखालचे खांब एकेक करून उगवतात. मला तरी तो ल्युटेन्स यांच्या मूळ कल्पनेहून अधिक नाट्यमय अनुभव वाटतो, पण हे त्यांना पटले नसते.

वास्तुशैली भारतीय म्हणायची की युरोपीय?

सांगाडा युरोपीय अभिजात शैलीचा आहे आणि अनेक अवयव भारतीय आहेत. ल्युटेन्स यांना भारतीय वास्तुकलेविषयी फारसा आदर नव्हता. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या आग्रहामुळे त्यांना तिच्याकडे वळावे लागले. भिंतींवर सावली धरणारा रुंद दगडी छज्जा, दगडी जाळ्या, गच्चीवरच्या छत्र्या, हत्तींची शिल्पे हे सर्व त्या आग्रहातून आले. मधल्या घुमटावर सांचीच्या स्तूपाची छाया स्पष्ट दिसते. घुमटाखालच्या पट्ट्यावर स्तूपाच्या वेदिकेसारखे दगडी कठड्याचे नक्षीकामही आहे. खांबांसाठी ल्युटेन्स यांनी स्वतःची नवी घडण केली आणि त्यांच्या शिरोभागी दगडी घंटा कोरल्या. दगडी घंटा वाजत नाहीत, म्हणून त्या राजवटीच्या अस्ताची वर्दीही देऊ शकत नाहीत, अशी त्यामागची समजूत सांगितली जाते. राजवट मात्र घंटा न वाजताच अठरा वर्षांत संपली.

प्रांगणात उभा असलेला १४५ फूट उंचीचा जयपूर स्तंभ ही जयपूरच्या महाराजांची भेट आहे. त्याच्या टोकावर कमळ आणि कमळातून उमललेला काचेचा तारा आहे.

येथे पहिल्यांदा राहायला कोण आले?

व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, २३ डिसेंबर १९२९ रोजी. त्याच दिवशी सकाळी दिल्लीजवळ क्रांतिकारकांनी त्यांच्या आगगाडीखाली स्फोट घडवला होता, ते बचावले. बरोबर सतरा वर्षांपूर्वी, २३ डिसेंबर १९१२ रोजी, हार्डिंग हत्तीवरून नव्या राजधानीत प्रवेश करत असताना चांदणी चौकात त्यांच्यावर बाँब पडला होता. या घराच्या बांधकामाचा आरंभ आणि शेवट असा एकाच तारखेच्या दोन स्फोटांमध्ये सापडतो.

महात्मा गांधी या भवनात आले होते का?

होय. फेब्रुवारी आणि मार्च १९३१ मध्ये गांधीजी आयर्विन यांच्याशी बोलणी करण्यासाठी येथे वारंवार येत होते आणि त्यांतून ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार झाला. अर्धवस्त्र फकीर व्हाइसरॉयच्या राजवाड्याच्या पायऱ्या चढतो आणि सम्राटाच्या प्रतिनिधीशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, याने विन्स्टन चर्चिल यांचा जो संताप झाला तो प्रसिद्धच आहे.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा गांधीजींनी सुचवले होते की व्हाइसरॉयच्या या वाड्याचे रुग्णालय करावे आणि राष्ट्रप्रमुखाने साध्या घरात राहावे. ती सूचना अमलात आली नाही. फाळणीनंतरच्या धामधुमीत सरकारला मोठी, सुरक्षित आणि तयार इमारत हवी होती. तरीही पुढे या वास्तूत राहायला आलेल्या कित्येकांच्या वागण्यात त्या सूचनेची बोच जाणवते. राजाजी म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्याविषयीच्या उत्तरात ते दिसेल.

‘राष्ट्रपती भवन’ हे नाव कधीपासून?

१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत हे ‘व्हाइसरॉयज हाउस’ होते, त्यानंतर ‘गव्हर्नमेंट हाउस’ झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यापासून ‘राष्ट्रपती भवन’.

राष्ट्रपती खरोखरच ३४० खोल्यांत राहतात का?

नाही. हा सर्वांत जुना गैरसमज आहे. चार मजल्यांवर ३४० खोल्या आणि सुमारे २ लाख चौरस फुटांचे क्षेत्र हे आकडे खरे आहेत, पण त्यांत समारंभाची दालने, कार्यालये, पाहुण्यांचे कक्ष, ग्रंथालय, मुदपाकखाना, कोठारे असे सर्व काही येते. राष्ट्रपतींचे कुटुंब एका बाजूच्या, तुलनेने लहान भागात राहते.

ही प्रथा चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पाडली. २१ जून १९४८ रोजी त्यांनी दरबार हॉलमध्ये पहिले भारतीय गव्हर्नर जनरल म्हणून शपथ घेतली आणि व्हाइसरॉयसाठी सजवलेल्या भव्य शयनकक्षात राहण्याचे नाकारून आपले बिऱ्हाड पाहुण्यांच्या लहान खोल्यांत मांडले. त्यांच्यानंतरच्या राष्ट्रपतींनी तीच वाट धरली. व्हाइसरॉयचा मूळ कक्ष आता परदेशांतून येणाऱ्या राष्ट्रप्रमुखांसाठी राखलेला असतो. यजमान छोट्या खोल्यांत आणि पाहुणा मोठ्या खोल्यांत, ही आपल्याकडच्या घरांतली रीत या राजवाड्यालाही लागू झाली. देशात अन्नधान्याची टंचाई होती तेव्हा राजाजींनी आवाराच्या एका भागात गव्हाची लागवड करवली, हेही नोंदवण्याजोगे आहे.

दरबार हॉल आणि अशोक हॉल यांची नावे बदलली का?

होय. जुलै २०२४ मध्ये दरबार हॉलचे नाव ‘गणतंत्र मंडप’ आणि अशोक हॉलचे ‘अशोक मंडप’ झाले. त्याआधी, २८ जानेवारी २०२३ रोजी, मुघल गार्डनला ‘अमृत उद्यान’ हे नाव देण्यात आले. जुने नकाशे, पत्रव्यवहार आणि पुस्तके यांत जुनीच नावे असल्यामुळे, इतिहास वाचणाऱ्याला दोन्ही नावे माहीत असणे सोयीचे. या पानावरही काळानुसार दोन्ही वापरली आहेत.

घुमटाखालच्या गोल दरबार हॉलमध्ये १५ ऑगस्ट १९४७ रोजी सकाळी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी येथेच पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. आता राष्ट्रपतींचा शपथविधी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात होतो, आणि या दालनात भारतरत्न, पद्म व शौर्य पुरस्कारांसारखे समारंभ होतात. मोठ्या मंत्रिमंडळांचे शपथविधी काही वेळा बाहेरच्या प्रांगणात झाले आहेत: १९९० मध्ये चंद्रशेखर, १९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी आणि २०१४ पासून तिन्ही वेळा नरेंद्र मोदी.

भवनात इतकी प्राचीन शिल्पे कशी आली?

लंडनमध्ये १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी पाठवलेल्या वस्तू परत आल्यावर त्या जिथल्या तिथे लगेच न धाडता दिल्लीकरांसाठी याच भवनात मांडल्या गेल्या. मग त्या एकत्रच ठेवाव्यात असा विचार पुढे आला आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते येथे राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. देशाचे राष्ट्रीय संग्रहालय जवळजवळ अकरा वर्षे राष्ट्रप्रमुखाच्या घरात नांदत होते, ही गोष्ट दिल्लीत राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. १९६० च्या अखेरीस ते जनपथावरच्या स्वतःच्या इमारतीत गेले. दोन शिल्पे मात्र भवनातच राहिली. एक आहे सम्राट अशोकाच्या काळातला, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला रामपूर्वाचा वृषभ, जो प्रांगणाकडच्या खांबांमध्ये उभा आहे; दुसरी आहे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती, जी गणतंत्र मंडपात राष्ट्रपतींच्या आसनामागे आहे.

इमारतीची देखभाल कोण करते?

बांधकाम, वीज, पाणी आणि बागा यांची कामे मुख्यतः केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत, आणि घरातली व्यवस्था, म्हणजे स्वयंपाक, पाहुणचार, फर्निचर, गालिचे, चांदीची भांडी, ही राष्ट्रपती सचिवालयाच्या गृहव्यवस्थेकडे असते. मोठ्या जतनकार्यात वारसा-संवर्धनातल्या जाणकारांचे साहाय्य घेतले जाते.

देखभालीचा पैसा कोठून येतो? संसद त्यावर मतदान करते का?

पैसा केंद्रीय अर्थसंकल्पातूनच येतो. संविधानाच्या अनुच्छेद ५९ नुसार राष्ट्रपतींना अधिकृत निवासस्थान विनाभाडे वापरता येते. अनुच्छेद ११२ नुसार त्यांचे वेतन, भत्ते आणि पदाशी संबंधित अन्य खर्च हा एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. अशा खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण अनुच्छेद ११३ नुसार तो मताला टाकला जात नाही. सत्तेवरच्या बहुमताला राष्ट्रप्रमुखाचा खर्च हवा तसा अडवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून होणारी कामे त्या विभागाच्या तरतुदींतून होतात, त्यामुळे वर्तमानपत्रांत ‘राष्ट्रपती भवनाचा खर्च’ म्हणून येणारा एखादा आकडा संपूर्ण चित्र दाखवतोच असे नाही. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी त्यांत काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे पाहावे.

दगडाच्या एवढ्या भक्कम इमारतीला देखभाल कशाला लागते?

दगड भक्कम असला तरी अमर नसतो, आणि हा दगड तर वालुकाश्म आहे, मुख्यतः धोलपूर भागातला लाल आणि पिवळसर. वालुकाश्म थरांनी बनलेला असतो. त्यात पाणी मुरले, सुकले, पुन्हा मुरले की पाण्यातले क्षार पृष्ठभागाजवळ साठतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. दिल्लीत उन्हाळ्यात धूळ व प्रखर उष्णता, पावसाळ्यात एकदम कोसळणारे पाणी आणि हिवाळ्यात धुके व धूर असे तिन्ही ऋतू दगडाच्या मुळावर उठलेले असतात. त्यात भवनाच्या गच्च्या मोठ्या व सपाट आहेत आणि आतल्या एका भव्य जिन्याच्या डोक्यावर छत नसून उघडे आकाश आहे. ल्युटेन्स यांची ती कल्पना देखणी आहे यात शंका नाही. परंतु गळती आणि ओल यांच्याशी ज्यांना झगडावे लागते, त्यांचे मत वेगळे असू शकते.

अशा इमारतींच्या बाबतीत निसर्गापेक्षा जास्त नुकसान घाईघाईच्या डागडुजीने होते, असे संवर्धनाच्या क्षेत्रात नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ती शेजारचा दगड फोडून बाहेर पडते. दगड खरवडून किंवा आम्लाने धुऊन चकचकीत केला की त्याचे कठीण झालेले वरचे कवच जाते. म्हणून चुन्याच्या सांध्यांना चुनाच, आणि निकामी झालेल्या दगडाच्या जागी शक्यतो त्याच जातीचा, त्याच रंगाचा, पाथरवटाने हाताने घडवलेला दगड, हा नियम पाळावा लागतो. वायरिंग, वातानुकूलन, अग्निशमन आणि सुरक्षेची साधने यांची ओझी या वास्तूवर नंतर चढली. एक खिळा ठोकायचा तरी तो कुठे ठोकायचा याचा विचार करावा लागतो.

त्यातून ही इमारत राहती आहे. किल्ल्याला किंवा लेण्याला दुरुस्तीसाठी काही महिने कुलूप लावता येते. येथे आज पुरस्कार समारंभ, उद्या एखाद्या देशाच्या अध्यक्षांना मेजवानी आणि परवा नव्या राजदूतांची परिचयपत्रे असतात. मधल्या मोकळ्या दिवसांत परांची बांधायची, काम करायचे आणि ती उतरवायची. ताजमहालाची देखभाल अवघड की राष्ट्रपती भवनाची, असा प्रश्न केला तर मी दुसऱ्याचे नाव घेईन.

अशोक मंडपाच्या छतावर इराणी राजा कसा आला?

हे मूळचे नाचगाण्याचे दालन, म्हणून त्याची जमीन लाकडी आहे. छताच्या मधोमध चामड्यावर रंगवलेले एक मोठे चित्र आहे: इराणचा काजार घराण्यातला राजा फत्ह अली शाह आपल्या पुत्रांसह शिकार करतो आहे. लॉर्ड विलिंग्डन व्हाइसरॉय असताना लेडी विलिंग्डन यांनी हे चित्र छतावर लावून घेतले आणि इटालियन चित्रकार तोमासो कोलोनेलो यांच्याकडून, भारतीय चित्रकारांच्या मदतीने, उरलेले छत आणि भिंती रंगवून घेतल्या. हे विलिंग्डन म्हणजे पूर्वीचे मुंबईचे गव्हर्नर. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयामुळे त्यांचे नाव आपल्याकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे. लेडी विलिंग्डन यांच्या सजावटीच्या उत्साहाने ल्युटेन्स यांचा मात्र तिळपापड झाला. आज तीच सजावट वारसा म्हणून जपावी लागते. जतन करणाऱ्यांपुढचा पेच असा असतो: वास्तुशिल्पीच्या मनातले घर जपायचे की काळाने घडवलेले? या दालनात काळाच्या बाजूने निकाल लागला आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

अमृत उद्यानाचे वैशिष्ट्य काय आणि ते वर्षभर फुललेले का नसते?

सुमारे १५ एकरांच्या या बागेचा आराखडा ल्युटेन्स यांनी १९१७ मध्ये नक्की केला, पण लागवड १९२८-२९ मध्ये झाली. ती उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांच्या देखरेखीखाली. मुघल बागेची कल्पना हार्डिंग दांपत्याची. काश्मीरमधल्या मुघल बागांप्रमाणे येथेही पाण्याचे पाट बागेचे चौकोन पाडतात; दोन पाट उत्तर-दक्षिण, दोन पूर्व-पश्चिम, आणि त्यांच्या छेदांवर कमळाच्या आकाराची कारंजी. हिरवळीच्या कडेने छत्रीसारखी गोल कातरलेली जी झाडे दिसतात, त्यांना उत्तरेकडे मौलसिरी म्हणतात; ती म्हणजे आपली बकुळ. कोकणातल्या माणसाने बकुळ इतकी शिस्तीत वाढलेली क्वचितच पाहिली असेल.

गुलाबांच्या १५९ जाती येथे असल्याचे सांगितले जाते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसणारे रंगीत ताटवे प्रामुख्याने हंगामी फुलांचे असतात. पावसाळा सरला की वाफे तयार करायचे, रोपवाटिकेत बी पेरायचे, थंडी पडू लागताच रोपे लावायची, आणि सगळी फुले एकाच पंधरवड्यात उमलतील असा अंदाज बांधायचा, हे काम वर्षभर चालते. फेब्रुवारीतच ऊन तापले तर ताटवे लवकर माना टाकतात, म्हणून माळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. एप्रिलनंतर येथे आलेल्याला प्रामुख्याने हिरवळ आणि झाडे दिसतील. बाग लोकांना खुली करण्याची परंपरा डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्यापासूनची आहे.

प्रतिभाताई पाटील यांच्या काळात येथे काय बदलले?

महाराष्ट्रातून राष्ट्रपतिपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या, आणि देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती (२००७ ते २०१२). त्यांच्या कारकिर्दीत ‘रोशनी’ नावाचा उपक्रम सुरू झाला. वीज आणि पाण्याची बचत, कचऱ्याचे वर्गीकरण, खतनिर्मिती आणि झाडे यांवर त्याचा भर होता, आणि या वसाहतीला पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ प्रमाणपत्र मिळाले. येथे ध्यानात ठेवायचे ते हे की भवनाभोवती सुमारे ३३० एकरांचे आवार आहे. त्यात कर्मचाऱ्यांची घरे, शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय असे छोटेखानी गावच वसलेले आहे. या गावाचा कचरा आणि सांडपाणी नीट हाताळले नाही, तर घुमटाला कितीही झळाळी दिली तरी उपयोग नाही.

जुन्या तबेल्यांचे काय झाले? आणि नाणेफेकीत जिंकलेल्या बग्गीची गोष्ट खरी का?

तबेले आणि मोटारखाने दुरुस्त करून तेथे संग्रहालय केले आहे. पहिला टप्पा २०१४ मध्ये आणि दुसरा २०१६ मध्ये, प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना, खुला झाला. वापर संपलेल्या इमारतींना नवे काम देणे हाच त्यांना वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो, आणि या भवनाच्या अलीकडच्या इतिहासातला मला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

बग्गीची गोष्ट अशी सांगितली जाते की फाळणीत व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलाची वाटणी होताना सोनेरी नक्षीची बग्गी कोणाकडे जावी याचा निर्णय नाणे उडवून झाला आणि कौल भारताच्या बाजूने पडला. १९८४ नंतर सुरक्षेच्या कारणाने तिचा वापर थांबला होता. २०१४ मध्ये ती पुन्हा रस्त्यावर आली आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तीतूनच संचलनाला आल्या. अंगरक्षक दल स्वतः १७७३ पासूनचे, म्हणजे भवनापेक्षा दीडशे वर्षांनी थोरले आहे.

पंतप्रधानही येथेच राहतात का?

नाही. पंतप्रधानांचे निवासस्थान ७, लोक कल्याण मार्ग येथे आहे. २०१६ पर्यंत त्या रस्त्याचे नाव रेस कोर्स रोड होते. पंडित नेहरू तीन मूर्ती भवनात राहत, जे मुळात ब्रिटिश सरसेनापतींसाठी बांधलेले होते.

राष्ट्रपतींची आणखी निवासस्थाने आहेत का?

सिमल्याजवळ मशोबरा येथे आणि हैदराबादजवळ बोलारम येथे आहेत. राष्ट्रपती वर्षातून एकदा तेथे मुक्काम करण्याची प्रथा आहे. २०२३ पासून ही दोन्ही स्थळे सर्वसामान्यांना पाहता येतात. सिमल्याचा जुना व्हाइसरॉय निवास मात्र डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने उच्च अध्ययन संस्थेला दिला गेला. एका व्हाइसरॉयवाड्याचे रुग्णालय झाले नाही, पण दुसऱ्याचे विद्यापीठासारखे काहीतरी झाले.

भवन पाहायचे असेल तर काय करावे?

भेटीची नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी करावी लागते. मुख्य इमारत, संग्रहालय आणि बाग यांच्या भेटी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एका नोंदणीत सर्व काही दिसेल असे गृहीत धरू नये. बाग दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काही आठवडे खुली असते आणि त्या काळातही सोमवारी देखभालीसाठी बंद ठेवतात. सरकारी छायाचित्र ओळखपत्र बरोबर असू द्यावे. परदेशी पाहुण्यांच्या दौऱ्यामुळे ठरलेली भेट ऐनवेळी रद्द होऊ शकते, म्हणून महाराष्ट्रातून खास यासाठी जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट त्याच दिवसाचे न काढता एखादा दिवस हाताशी ठेवावा. जमल्यास सकाळची वेळ घ्यावी, आणि वाहनाने थेट दारापर्यंत न जाता विजय चौकापासून तो चढ, सुरक्षा व्यवस्था परवानगी देईल तितका, पायी चढावा.